मोटारगाडीतील बॅटरीचे स्थानांतर

मोटारगाडीतील बॅटरीचे स्थानांतर म्हणजे गाडीची १२ व्होल्टची बॅटरी इंजिनाजवळील मूळ जागेवरून काढून डिक्कीत, मागील आसनाखाली किंवा आसनामागे बसविणे होय. पुढच्या व मागच्या चाकांवरील भार अधिक समतोल करणे हा यामागील मुख्य हेतू असतो. इंजिनाच्या कप्प्यात जागा मोकळी करणे आणि बॅटरीला इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवणे हे दुय्यम हेतू आहेत. काही कंपन्यांच्या गाड्यांमध्ये बॅटरी मुळातच मागे असते. शर्यतीच्या गाड्यांमध्ये आणि हौशी वाहनधारकांमध्ये हा फेरबदल नंतरही केला जातो. त्यातून मिळणारा लाभ मोजता येण्याजोगा पण मर्यादित असतो आणि त्यासोबत आगीचा व स्फोटाचा धोका हाताळावा लागतो.

पार्श्वभूमी

इंजिन पुढे असलेल्या गाडीत, विशेषतः पुढच्या चाकांना चालना असलेल्या गाडीत, इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या ॲक्सलच्या आसपास असतात. त्यामुळे अशा लहान गाड्यांच्या एकूण वजनापैकी ६० टक्के किंवा त्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर पडतो. वळणावर पुढच्या टायरांची पकड आधी संपते व गाडी चालकाने दिलेल्या वळणापेक्षा बाहेर सरकते. या वर्तनाला अंडरस्टिअर म्हणतात. जोराने ब्रेक लावल्यास भार आणखी पुढे सरकतो आणि हलकी झालेली मागची चाके लवकर घसरू लागतात.

इंजिन हलविणे सहसा शक्य नसते. बॅटरी मात्र लहान आकाराची, १० ते २० किलो वजनाची आणि केवळ तारांनी जोडलेली वस्तू आहे. त्यामुळे भारविभागणी सुधारण्यासाठी हलविता येण्याजोग्या भागांमध्ये तिचा विचार प्रथम होतो.

भारातील बदलाचे गणित

एखादी वस्तू गाडीच्या लांबीच्या दिशेने मागे सरकविल्यास पुढच्या ॲक्सलवरील भार किती घटतो, हे तरफेच्या नियमाने काढता येते. वस्तूचे वजन गुणिले सरकविलेले अंतर, भागिले व्हीलबेस म्हणजेच दोन ॲक्सलमधील अंतर, असे हे सूत्र आहे. तेवढाच भार मागच्या ॲक्सलवर वाढतो.

उदाहरणार्थ, गाडीचे वजन १००० किलो, व्हीलबेस २४०० मिमी आणि पुढचा भार ६०० किलो मानू. १५ किलोची बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या २०० मिमी पुढे आहे. ती मागच्या ॲक्सलच्या ६०० मिमी मागे, डिक्कीत नेल्यास एकूण अंतर ३२०० मिमी होते. १५ गुणिले ३२०० भागिले २४०० म्हणजे २० किलो भार पुढून मागे जातो आणि विभागणी ६०:४० ऐवजी ५८:४२ होते. बॅटरीच्या वजनापेक्षा भारातील बदल अधिक आहे, कारण बॅटरीच्या दोन्ही जागा ॲक्सलांच्या बाहेर आहेत.

हा फरक पारखताना अन्य बदलत्या भारांशी तुलना उपयुक्त ठरते. ३५ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे २६ किलो असते. टाकी मागच्या ॲक्सलजवळ असलेल्या गाडीत ती भरलेली आहे की रिकामी, यामुळे मागच्या चाकांवर पडणारा फरक बॅटरीच्या स्थानांतरामुळे पडणाऱ्या फरकाएवढा किंवा त्याहून जास्त असू शकतो.

जागेची निवड

भारविभागणीची टक्केवारी हा एकच निकष नाही. उभ्या अक्षाभोवती वळताना गाडीचा जो विरोध असतो, तो तिच्या निरूढी परिबलावर अवलंबून असतो. एखाद्या वस्तूचे त्यातील योगदान तिच्या गुरुत्वमध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून जड वस्तू गाडीच्या टोकांना असल्यास गाडी दिशा बदलण्यास संथ होते. मध्याजवळ असल्यास चपळ राहते.

वरील गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या ९६० मिमी मागे येतो. मूळ जागेवरील बॅटरी त्यापासून ११६० मिमी अंतरावर असून तिचे योगदान सुमारे २० किलो-वर्गमीटर आहे. डिक्कीत ती २०४० मिमी अंतरावर जाते व योगदान सुमारे ६२ किलो-वर्गमीटर होते, म्हणजे तिपटीहून अधिक. हीच बॅटरी पुढच्या आसनामागे, पुढच्या ॲक्सलच्या १७०० मिमी मागे बसविल्यास योगदान सुमारे ८ पर्यंत उतरते आणि तरीही पुढचा भार सुमारे १२ किलोने घटतो. म्हणजेच टक्केवारीच्या दृष्टीने डिक्कीचा शेवट सर्वांत लाभदायक असला, तरी वळणातील चपळतेच्या दृष्टीने तो सर्वांत प्रतिकूल ठरतो. दोन्हींचा मेळ मागच्या ॲक्सलच्या पुढील, जमिनीलगतच्या जागेत बसतो. बॅटरी जितकी खाली, तितका गुरुत्वमध्यही खाली येतो.

आडव्या दिशेतील समतोलही विचारात घेतला जातो. चालक एकटाच असताना त्याच्या बाजूचा भार वाढतो. उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या गाडीत बॅटरी मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवल्यास तो काही अंशी भरून निघतो. शर्यतीच्या गाड्यांत चारही चाकांखाली स्वतंत्र वजनकाटे ठेवून, चालकाला आसनावर बसवून हे मोजले जाते.

विद्युत जोडणी

स्टार्टर मोटर इंजिनाजवळच राहत असल्याने डिक्कीतील बॅटरीपासून तिच्यापर्यंत लांब व जाड तार न्यावी लागते. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेऊ शकतो. ५ मीटर लांबीच्या, २५ चौरस मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेत एवढ्या प्रवाहाने सुमारे ०.७ व्होल्टची घट होते; ५० चौरस मिमीच्या तारेत ती निम्म्यावर येते. थंडीत आधीच कमी झालेल्या व्होल्टेजमधून ही घट वजा होत असल्याने बारीक तार वापरलेली गाडी सुरू होण्यास कुरकुर करते.

जाड तारेचे स्वतःचे वजन असते. ५ मीटर लांब व ५० चौरस मिमी छेदाच्या तारेत केवळ तांबेच सुमारे २.२ किलो असते. पेटी, पट्ट्या व बोल्ट धरून गाडीचे एकूण वजन काही किलोंनी वाढते. ऋण ध्रुव सहसा रंग खरवडलेल्या पत्र्यावर बॅटरीजवळच जोडला जातो व परतीचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून वाहतो. त्यासाठी इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी चांगल्या स्थितीत असणे आवश्यक असते. अन्यथा प्रवाह अन्य बारीक तारांतून मार्ग काढतो व त्या तापतात.

सुरक्षितता

शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडू शकते. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात असलेला हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. बॉनेटखाली हवा खेळती असते, बंद डिक्कीत नसते. म्हणून डिक्कीतील किंवा प्रवासी कप्प्यातील बॅटरी बंद पेटीत ठेवून तिची वायुनळी गाडीबाहेर काढली जाते. द्रव न सांडणाऱ्या एजीएम प्रकारच्या बॅटरीलाही दाब मोकळा करणारी झडप असते. त्यामुळे तिच्याबाबतीतही वायुवीजन वगळता येत नाही.

दुसरा धोका लांब धन तारेचा आहे. ती गाडीच्या पूर्ण लांबीतून, पत्र्याच्या छिद्रांमधून जाते. आवरण घासून तांबे पत्र्याला टेकल्यास शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो व काही क्षणांत आग लागू शकते. प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट, तारेवर अतिरिक्त आवरण, ठरावीक अंतरावर पकड आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हे त्यावरील उपाय आहेत. फ्यूज तारेच्या दुसऱ्या टोकाला असल्यास मधली संपूर्ण तार असंरक्षित राहते. काही बीएमडब्ल्यू गाड्यांमध्ये अपघाताच्या वेळी लहान स्फोटक प्रभाराने धन तार बॅटरीपासून तोडणारी व्यवस्था असते.

अपघातात सैल बॅटरी प्रवाशांच्या दिशेने फेकली जाते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) नियमांनुसार शर्यतीच्या गाडीत बॅटरी मूळ जागेवरून हलविल्यास ती धातूच्या बैठकीवर, विद्युतरोधक आवरण असलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांनी जखडून तळाला बोल्टने बसवावी लागते. प्रवासी कप्प्यात कोरड्या प्रकारचीच बॅटरी चालते. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत स्थानांतरित बॅटरीसाठी गाडीच्या मागील बाजूस बाहेरून चालविता येणारे मुख्य स्विच आवश्यक असते. हे स्विच बंद केल्यावर इंजिनही थांबावे लागते. केवळ बॅटरी तोडल्यास ऑल्टरनेटरच्या विजेवर इंजिन चालू राहू शकते, म्हणून ऑल्टरनेटरची जोडणीही स्विचमार्फत तोडली जाते.

उत्पादित गाड्यांमधील उदाहरणे

१९५९ मध्ये बाजारात आलेल्या मिनी या ब्रिटिश गाडीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन पुढे आडवे बसविले आणि बॅटरी डिक्कीत ठेवली. फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागील आसनाखाली होती. तिच्यावरील झाकण हरवल्यास आसनाच्या लोखंडी स्प्रिंगा ध्रुवांना टेकून आग लागण्याचा धोका असे.

पोर्शे ९११ हे उलट दिशेचे उदाहरण आहे. या गाडीचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असते. १९६९ च्या मॉडेलमध्ये व्हीलबेस २२११ वरून २२६८ मिमी करण्यात आला आणि एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढील भागात दोन्ही बाजूंना बसविण्यात आल्या.

१९८९ मध्ये सादर झालेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिक्कीत होती. २००५ च्या तिसऱ्या पिढीत मात्र ती पुन्हा बॉनेटखाली आली. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांमध्ये ५०:५० च्या जवळपासची विभागणी साधण्यासाठी बॅटरी मागे असते. दुसऱ्या गाडीच्या साहाय्याने इंजिन सुरू करता यावे यासाठी अशा गाड्यांच्या बॉनेटखाली स्वतंत्र धन टोक दिलेले असते.

पर्याय

मूळ जागेवरच हलकी बॅटरी बसविणे हा सोपा पर्याय आहे. वरील गाडीत १५ किलोऐवजी ५ किलोची लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी बसविल्यास पुढचा भार सुमारे ११ किलोने घटतो, एकूण वजन कमी होते आणि लांब तार लागत नाही. विभागणीतील सुधारणा मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते. अशा बॅटरीची किंमत जास्त असते आणि शून्य अंश सेल्सिअसखालील तापमानात ती चार्ज केल्यास तिची हानी होऊ शकते.