गाडीतला आवाज नेमका कुठला?

ठरावीक वेगाला गाडीत खडखड सुरू होते आणि वेग बदलताच थांबते, याचे कारण बहुधा अनुनाद असते. म्हणजे योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यांनी झोका जसा उंच जातो, तसाच इंजिनाची कंपने सैल पत्र्याच्या नैसर्गिक कंपनांशी जुळताच तो पत्रा जोरात थरथरू लागतो. उगम शोधताना आवाज कशाबरोबर बदलतो, हे पाहावे: उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो वाढला, तर शोध इंजिनापासून सुरू करावा, धावत्या गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असू शकते, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे जाताना होणारी कटकट अनेकदा पुढच्या चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याच्या झिजलेल्या सांध्यातून येते. अनेक ब्रेक पॅडांवर मुद्दाम बसवलेली धातूची पट्टी पॅड झिजल्यावर चकतीला घासून कर्कश आवाज करते. तो ऐकू येताच ब्रेक विनाविलंब तपासून घ्यावेत.