उपदेशकाची तयारी

उपदेश करण्याइतकें सोपें काम जगांत दुसरें नाहीं, अशी आपल्याकडे समजूत आहे. पस्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें ती माझी तर अगदीं पक्की झाली होती. ती मोडली माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें. मुरुडास नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या एका ख्रिस्ती गृहस्थाचा हा मुलगा. वक्तृत्वाच्या चढाओढीसाठीं मीं त्याजकडून भाषणें घोटून घेतलीं होतीं व त्यानें बक्षिसेंही मिळविलीं होतीं. पदवी पदरांत पडल्यावर त्यानें घरीं सांगितलें कीं, मला नोकरी करावयाची नाहीं. मला पाचारण झालें आहे. वडील संतापले आणि तो संताप घेऊन माझ्या ओटीवर आले. "मास्तर, बोलायला तुम्हीच शिकवलंत, आतां तुम्हीच त्याला समजवा," असें त्यांचें म्हणणें.

पाचारण हा मराठी ख्रिस्ती मंडळींतला रुळलेला शब्द. देवानें एखाद्यास आपल्या सेवेसाठीं हांक मारणें, असा त्याचा अर्थ. ही हांक ज्याची त्यालाच ऐकूं येते. म्हणूनच मंडळी ती लागलीच मान्य करीत नाहीं. प्रॉटेस्टंट पंथांत सर्वसाधारण क्रम असा कीं, आधीं स्वतःच्या मंडळीची शिफारस, मग वडीलधाऱ्या पाळकांपुढें मुलाखत, नंतर सेमिनरींतील कांहीं वर्षांचा अभ्यास, त्यानंतर अनुभवी पाळकाच्या हाताखालीं उमेदवारी, आणि अखेरीस मस्तकावर हात ठेवून दीक्षा. रोमन कॅथॉलिक धर्मगुरूची वाट याहूनही लांबची. तेथें प्रथम तत्त्वज्ञान, मग ईश्वरविद्या, आणि जन्मभर ब्रह्मचर्य. हा क्रम मीं वडिलांस समजावून सांगितला, तेव्हां त्यांस थोडा धीर आला. इतक्या चाळण्यांतून मुलगा कोठें तरी गळून घरीं येईल, अशी त्यांस आशा वाटली असावी!

सेमिनरींत काय शिकवितात, याची मला जिज्ञासा होती. जुना करार मुळांत बहुतांशीं हिब्रू भाषेंतला व नवा करार ग्रीक भाषेंतला. तेव्हां या भाषांची निदान तोंडओळख. मंडळीचा इतिहास, धर्मसिद्धान्त, आजाऱ्यांची व शोकाकुलांची विचारपूस कशी करावी तें, आणि उपदेशशास्त्र. रविवारीं विद्यार्थ्यांस जवळपासच्या मंडळ्यांत पाठवितात. यवतमाळास १९५३ सालीं निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून पुण्यास आहे. कॅथॉलिकांची पेपल सेमिनरी १९५५ सालीं सिंहलद्वीपांतील कँडीहून पुण्यासच आली. अशा ठिकाणीं देशभरचे विद्यार्थी येतात, म्हणून अध्यापन मुख्यतः इंग्रजींत चालतें. तें सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु शिकावयाचें इंग्रजींत आणि सांगावयाचें मराठींत, ही अडचण त्यांतूनच उभी राहते.

गंमत अशी कीं, पूर्वी हीच अडचण उलट बाजूनें होती. इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. पुढें राशोलच्या विद्यालयाचे ते प्रमुख झाले. नव्या ख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें सुटल्याची चुटपुट लागली आहे, हें त्यांनीं ओळखलें, आणि सुमारें अकरा हजार ओंव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं राशोलास छापलें गेलें. त्यांनीं कोंकणी भाषेचें व्याकरणही लिहिलें होतें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं निघालें. व्याकरण परकीय पाद्र्यांसाठीं व पुराण लोकांसाठीं, अशी ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला. त्या शहाणपणाविषयीं न बोललेलें बरें.

आमच्या मुरुडाच्या दक्षिणेस, सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट आहे. तेथें १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी आले. अमेरिकन मिशनरी त्यापूर्वींच, १८१३ सालीं, मुंबईस उतरले होते. त्यांनीं १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें केलें. तेथेंच १८४२ सालीं 'ज्ञानोदय' निघालें आणि १८७८ सालीं सेमिनरी स्थापन झाली. एतद्देशीय उपदेशक तयार करणें हा तिचा हेतु.

याच सेमिनरींत रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकवीत असत. टिळक आमच्याच कोंकणचे, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचे. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व ते नगरास आले. दीक्षा त्यांस १९०४ सालीं मिळाली. पुराण, अभंग, कीर्तन हें सारें त्यांच्या अंगांत आधींच मुरलेलें. नगरकडील ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाचा प्रघात त्यांच्या आधींपासून होता. टिळकांनीं त्यास कवीचा कंठ दिला. कीर्तनाची योजना पाहा. पूर्वरंगांत एक पद घेऊन त्याचें निरूपण करावयाचें, उत्तररंगांत त्याच अर्थाचें आख्यान लावावयाचें, आणि मधून मधून श्रोत्यांस आपल्याबरोबर गावयास लावावयाचें. श्रोता कंटाळला कीं बुवास तत्काळ कळतें, कारण टाळ्या मंदावतात. व्यासपीठावरून कागद वाचणाऱ्यास तें कळत नाहीं. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांच्या संसाराची हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. अशा वृत्तीच्या माणसाशीं संसार करणाऱ्या बाईस काय सोसावें लागतें, हें पाचारणाच्या गोष्टी करणाऱ्या प्रत्येक तरुणानें तेथें वाचावें. मीं तें पुस्तक आमच्या मुलाच्या हातीं दिलें, तें याच हेतूनें.

तो गेला, महाराष्ट्राबाहेरच्या एका सेमिनरींत शिकला. उमेदवारी घाटावरच्या एका खेड्यांत पडली. पहिला उपदेश त्यानें आठवडाभर खपून लिहिला. त्यांत एका हिब्रू शब्दाचे तीन अर्थ होते. उपासना झाल्यावर एक म्हातारी त्याचा हात धरून म्हणाली, "लेकरा, शिकून आलास तें कळलं. आतां काय सांगायचं होतं तें सांग."

हें त्यानें मला स्वतःच सांगितलें, हंसत हंसत; पण मला हंसूं आलें नाहीं. भाषणें घोटून घेतांना, समोर कोण बसलें आहे तें पाहून बोल, असें मीं त्याला एकदांही सांगितलें नव्हतें. बक्षिसाकडे माझें लक्ष, आणि परीक्षकांकडे त्याचें.

त्या सुटींत तो रोज संध्याकाळीं माझ्याकडे येई. मी 'क्रिस्तपुराणा'तील ओंव्या मोठ्यानें म्हणून दाखवीं व तो त्या चालीवर म्हणे. गांवांत सप्ताहाचें कीर्तन होतें, तेथेंही आम्ही दोघे गेलों. मी पुढें बसलों. तो मागें, खांबापाशीं, बायकामुलांत बसला. परततांना मीं विचारिलें, "बुवा कसे वाटले?" तो म्हणाला, "गुरुजी, मीं बुवांकडे पाहिलंच नाहीं. मी लोकांकडे पाहत होतों. आख्यान लागल्यावर एक पोर झोपेंतून उठून बसलं."

पुढच्या महिन्यांत त्याची दीक्षा आहे. वडील जाणार नाहीं म्हणत होते. परवां बाजारांत भेटले. हातांत नव्या सदऱ्याचें कापड होतें. मला म्हणाले, "मास्तर, सकाळची पहिली एस.टी. धरूं. उशीर नको."