घरात एक कायद्याचा जाणता हवा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही. हातभर बांधापायी दोन-दोन पिढ्या तालुक्याला खेपा घालणारी घरे गावोगाव आहेत. बांध राहिला बाजूला, आणि वकिलाची फी, एस.टी.चे भाडे व बुडालेले रोज यांतच एखादा एकर विकला गेला, असेही घडले आहे. पण वाचकहो, या म्हणीचा आपण एक भलताच अर्थ करून ठेवला आहे. कोर्टाची पायरी चढायची नाही, म्हणून कायद्याचा कागदही हातात धरायचा नाही! खरे पाहता पुष्कळदा ती पायरी चढावी लागते ती कागद वेळेवर न पाहिल्यामुळेच.

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. घरचा कर्ता ऐन पावसाळ्यात गेला. मागे बायको, दोन मुलगे आणि दिल्या घरी नांदत असलेली मुलगी. दिवसकार्य झाले, पेरणी आटोपली आणि सातबारा मात्र गेलेल्या माणसाच्याच नावावर राहिला. ‘जमीन काय पळून जाते आहे?’ असे थोरला म्हणाला. दोन वर्षांनी गारपीट झाली. पंचनामा झाला, पण मदतीची रक्कम अडली, कारण कागदोपत्री शेताचा धनी हयातच नव्हता. मग धावपळ सुरू झाली. कचेरीबाहेर कोणी भेटला, म्हणाला, ‘पैसे द्या, आठ दिवसांत वारस लावून देतो.’ त्याने लिहिलेल्या अर्जावर थोरल्याने न वाचता सही केली. अर्जात बहिणीचे नावच नव्हते. तिला ते दिवाळीत कळले, आणि त्या वर्षीपासून त्या घरची भाऊबीज तुटली.

यात लबाड कोणी होता असे नाही. भावाच्या मनात पाप नव्हते, बहिणीला हाव नव्हती. कमी होती ती एका माहितीची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे कलम १४९ सांगते की, वारसाने जमिनीत हक्क मिळाला, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) ही वर्दी तोंडी दिली तरी चालते, आणि ती मिळाल्याची लेखी पोच तलाठ्याने तेथल्या तेथे द्यायची असते. एवढे सांगणारे एक माणूस त्या आळीत असते, तर पुढचे सारे टळले असते.

असे माणूस तयार करण्याचे शिक्षण आज सरकारी व्यवस्थेतून मिळते. इंग्रजीत त्याला ‘पॅरा लीगल’ म्हणतात, आपल्याकडे ‘विधी स्वयंसेवक’ असे नाव आहे.

हा वकील नव्हे

दवाखान्यात डॉक्टर असतो आणि गावात आशाताई असते. आशाताई शस्त्रक्रिया करीत नाही, पण कोणाला केव्हा दवाखान्यात न्यावे हे तिला कळते, आणि त्यामुळे जीव वाचतात. विधी स्वयंसेवकाचे तसेच आहे. तो कोर्टात उभा राहून वाद घालीत नाही. तो अधिकार १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांनाच दिला आहे. स्वयंसेवकाचे काम त्याच्या अलीकडचे. अडचण नीट ऐकून घ्यावी, कोणता कागद लागेल ते सांगावे, अर्ज लिहून द्यावा, कोणत्या कचेरीत कोणाकडे जायचे ते दाखवावे आणि वकिलाची गरज असेल तेथे वकिलापर्यंत पोचवावे.

यामागे मोठा इतिहास आहे. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे तत्त्व १९७६ साली कलम ३९-अ म्हणून आपल्या घटनेत आले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याखाली जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. पुढे ध्यानात आले की, कचेरी झाली तरी खेड्यातला माणूस तिची पायरी चढायला बिचकतो. म्हणून २००९ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने गावातलीच माणसे शिकवून तयार करण्याची योजना आखली.

फुकट वकील कोणाला मिळतो, हे या कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील माणसे आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे, हे त्यात येतात. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने मुद्दाम ध्यानात ठेवावी. पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांचाही या यादीत समावेश आहे. किती घरांना हे ठाऊक आहे?

शिकवतात काय?

निवड झालेल्यांना आधी प्राथमिक शिक्षण देतात आणि पुढे उजळणीचे वर्ग घेतात. शिकवणारे न्यायाधीश, वकील आणि कायद्याचे प्राध्यापक असतात. घटना आणि मूलभूत हक्क, न्यायालयांची रचना, कुटुंबाचे कायदे, मिळकत व वारसा, मजुरांचे हक्क, स्त्रिया व मुलांचे संरक्षण, फौजदारी कायद्याची तोंडओळख, सरकारी योजना आणि अर्ज लिहिण्याची रीत, असा साधारण विषयक्रम असतो. कलमांची घोकंपट्टी करण्यापेक्षा, माणसाची अडचण ऐकली की ती कोणत्या खात्याची हे ओळखता यावे, हा हेतू.

वारसाचेच पाहा. हिंदू कुटुंबात माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आईसुद्धा वारस ठरते. पुष्कळ अर्जांत ही म्हातारी आईच गाळली जाते! वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाइतकीच जन्माने हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र यामुळे मोडत नाही. आणि फेरफारात नाव राहून गेले म्हणून हक्क बुडाला असेही नव्हे. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, ती दुरुस्त करता येते. एवढे समजले तर बहीण घाबरत नाही आणि भाऊही चिडत नाही.

फौजदारीतही थोडकेच, पण पक्के शिकवतात. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. फिर्याद देणाऱ्याला तिची नक्कल फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. म्हणजे पूर्वी शिकलेल्यांनाही नवी कलमे पुन्हा शिकावी लागतात. उजळणीचे वर्ग असतात ते याचसाठी.

पहिला धडा घरीच गिरवा

या शिक्षणाला जायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी पहिला धडा घरी करून पाहा. बारावी झालेल्या मुलीला किंवा सुनेला एक कोरी वही द्या आणि घरची कागदांची पेटी उघडा.

पहिल्या पानावर सातबाऱ्याचा तपशील उतरवा. वरचा भाग नमुना सात, त्यात जमीन कोणाची आणि कोणाचा बोजा आहे ते असते. खालचा भाग नमुना बारा, त्यात पिकांची नोंद असते. दुसऱ्या पानावर आठ-अ, म्हणजे त्या गावात खातेदाराच्या नावे एकूण किती जमीन आहे ते लिहा. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांची यादी करा आणि प्रत्येक क्रमांकापुढे तो कशाचा, खरेदीचा, वारसाचा की कर्जाच्या बोजाचा, हे लिहा. एखादा उलगडला नाही, तर त्याची नक्कल मागवा. फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला आढळेल, आजोबांचे नाव चुकीचे पडलेले दिसेल. नुसती लेखनातली चूक असेल, तर ती दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे.

तिसऱ्या पानावर फक्त तारखा. नोटीस केव्हाची, मिळाली केव्हा, निकाल केव्हाचा. कायद्याच्या कामात वाफसा जाऊ न देणे हेच खरे कसब आहे. फेरफाराची नोटीस आली, तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच हरकत नोंदवावी. तहसीलदारांसारख्या, जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या महसुली निकालावर अपील करायचे, तर मुदत साठ दिवसांची. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणून थांबलेले कितीजण येथे फसले आहेत! दिवस उलटल्यावर मग दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता उरतो.

ही वही नीट भरता आली आणि भरताना गोडी वाटली, तर समजा की हे काम त्या मुलीला जमणार.

हे पथ्य पाळावेच लागते

विद्येबरोबर पथ्य येते. विधी स्वयंसेवकाने लोकांकडून पैसा, फी वा भेटवस्तू घेता कामा नये. राजकीय पक्षाचा सक्रिय कार्यकर्ता झाला, तर त्याला काढून टाकण्याची तरतूद आहे. आणि सर्वांत अवघड पथ्य जिभेचे. नांदत्या घरातली बाई मारहाणीची गोष्ट सांगून जाते, ती पाणवठ्यावर गेली तर तिचे काय होईल? अशा वेळी स्वयंसेविकेने तिला संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत न्यावे, फुकट वकील मिळवून द्यावा आणि तोंड बंद ठेवावे. ‘मी मिटवतो’ म्हणून न्यायनिवाडा करीत बसू नये.

तडजोडीच्या बाबतीतही सावध असावे. लोकअदालत फार चांगली, वेळ वाचतो, भरलेले कोर्ट-शुल्क परत मिळते. पण तेथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर दोनदा वाचून दाखवणे हे स्वयंसेवकाचे कर्तव्यच आहे.

पोटापाण्याचे काय?

आता रोकडा प्रश्न. ही नोकरी आहे का? नाही. पगार नाही, पेन्शन नाही. कचेरीने ज्या दिवशी काम सोपवले, त्या दिवसाचे मानधन मिळते. तेवढ्यावर संसार चालेल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. शिक्षण देऊन कोर्टात नोकरी लावतो असे सांगून पैसे मागणारा तर हमखास फसवणारा समजावा. विधी सेवा समितीच्या शिक्षणाला फी नसते.

पण ही एक वाट आहे आणि तिला पुढे फाटे फुटतात. वकिलाच्या कचेरीत कागद जाणणारा कारकून हवा असतो. स्त्रियांसाठी, मजुरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना अशी माणसे लागतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बारावी झालेल्यांसाठी याच विषयाची पदविका आखली आहे. तिला सध्या प्रवेश चालू आहेत का, हे जवळच्या अभ्यासकेंद्रावर विचारावे. आणि गोडी वाढलीच, तर बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची कायद्याची पदवी घेऊन वकीलही होता येते.

कोणी जावे? निवृत्त गुरुजी, अंगणवाडीताई, बचत गटातल्या भगिनी, निवृत्त सरकारी नोकर, महाविद्यालयात शिकणारी मुले, या सर्वांना योजनेत जागा आहे. साधारण दहावीपर्यंतचे शिक्षण असावे, पदवी लागत नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीची कचेरी असते. तेथे जाऊन ‘विधी स्वयंसेवकांची निवड केव्हा आहे?’ एवढे विचारावे. तालुक्याला जाणे जमत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करावी.

घरात सर्वांनीच जावे असे नाही. पण चार घरांत मिळून एकजण तरी कागद वाचणारा, तारीख सांभाळणारा आणि तोंड आवरणारा असावा. येत्या बाजारच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा बियाणे-खताबरोबर हे एक काम यादीत लिहा. आणि ती कोरी वही आणायला विसरू नका.