चलनवाढीचा आंतरराष्ट्रीय प्रसार आणि विनिमय दराची भूमिका

प्रस्तावना :
चलनवाढ ही केवळ देशांतर्गत धोरणाची निष्पत्ती नसते. व्यापार व भांडवलाच्या प्रवाहांतून ती एका देशातून दुसऱ्या देशात पसरते. या प्रसारात विनिमय दर कोणती भूमिका बजावतो, हे १९७० च्या दशकातील अनुभवांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रसाराचे मार्ग :
चलनवाढ मुख्यत्वे दोन मार्गांनी पसरते. पहिला मार्ग किमतींचा होय. आयात माल महागला की उत्पादनखर्च वाढतो व सर्वसाधारण किंमतपातळी उंचावते. दुसरा मार्ग पैशाच्या पुरवठ्याचा होय. स्थिर विनिमय दर टिकविण्यासाठी मध्यवर्ती बँकेला देशात येणारे परकीय चलन ठरलेल्या दराने विकत घ्यावे लागते. त्याच्या मोबदल्यात स्वदेशी चलन बाजारात येते आणि पैशाचा पुरवठा वाढतो.

पश्चिम जर्मनी व ब्रिटन :
ब्रेटन वुड्स व्यवस्थेत जर्मन मार्कचा दर डॉलरशी निगडित होता. १९६५ नंतर अमेरिकेत चलनवाढ बळावली, तसा डॉलरचा ओघ जर्मनीकडे वळला. बुंडेसबँकेने चलनवाढ रोखण्यासाठी व्याजदर वाढविले, की अधिक व्याजाच्या आशेने आणखी डॉलर येत. मार्च १९७३ मध्ये डॉलरशी असलेला स्थिर दर सोडल्यावर ही कोंडी फुटली. त्यानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाच्या किमती जवळजवळ चौपट झाल्या; तरीही १९७४ मध्ये जर्मनीतील भाववाढ सुमारे ७ टक्केच राहिली. याउलट, जून १९७२ पासून पौंड तरता असूनही ब्रिटनमधील भाववाढ १९७५ मध्ये सुमारे २४ टक्क्यांवर पोहोचली. तेथे सैल चलनधोरण, वेतनवाढ आणि घसरता पौंड यांनी परस्परांना बळ दिले.

भारताचा संदर्भ :
या काळात रुपया पौंडाशी जोडलेला होता. त्यामुळे पौंड घसरला की मार्क, डॉलर आदी चलनांच्या तुलनेत रुपयाही घसरे आणि तेथील आयात भारताला महाग पडे. सप्टेंबर १९७५ मध्ये हा दुवा तोडून रुपयाचे मूल्य अनेक चलनांच्या समूहाशी जोडण्यात आले.

समारोप :
तरता विनिमय दर चलनवाढीविरुद्धची तटबंदी नव्हे. तो केवळ स्वतंत्र चलनधोरणाची संधी देतो. स्थिर दर मात्र ती संधी मर्यादित करतो. म्हणून विनिमय दराची पद्धती निवडणे म्हणजे कोणत्या देशाच्या धोरणाचा भार आपल्या ग्राहकाने सोसावयाचा, हे ठरविणे होय.