अपंगत्व निवृत्तिवेतन : अपील फेरतपासणीसाठी परत आले, तर?

सैन्यातून वैद्यकीय कारणास्तव मुक्त झालेल्या जवानाचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा अपिलात कधी मंजूरही होत नाही आणि फेटाळलाही जात नाही. ‘नव्याने वैद्यकीय तपासणी करून निर्णय घ्यावा’ अशा आदेशासह तो परत पाठविला जातो. अनेक कुटुंबे याला पराभव समजून प्रयत्न सोडून देतात. वस्तुतः दावा जिवंत असतो. फक्त पुराव्याची उणीव भरून काढायची असते.

या दाव्यांत दोन प्रश्न कळीचे असतात. व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवली अथवा बळावली काय, आणि अपंगत्व किती टक्के आहे? १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन विनियमांनुसार अपंगत्वाचा सेवेशी संबंध असणे आणि ते किमान २० टक्के असणे आवश्यक होते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. मात्र त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांचे दावे जुन्याच नियमांनी तपासले जातात.

दोन्ही बाबींवर वैद्यकीय मंडळ मत देते. दावा नाकारला गेल्यास सैन्यांतर्गत अपिले आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण हा मार्ग आहे. २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ मध्ये सुरू झाले. नवी मुंबईतील माजी सैनिकांचे अर्ज मुंबई खंडपीठाकडे जातात.

मग प्रकरण परत का जाते? न्यायाधीश आजाराचे निदान करीत नाहीत. मंडळाचे मत त्रोटक, कारणांविना वा जुन्या तपासणीवर आधारलेले असेल, तर ते पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवावे लागते. वीरपाल सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे मत अंतिम न मानता पुनर्विलोकन मंडळाकडून फेरतपासणीचा आदेश दिला. त्याच वर्षी धरमवीर सिंग प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे. त्याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार सैन्यावर राहील. मंडळाने आपल्या मताची कारणे द्यायलाच हवीत, हे २०२५ च्या राजुमोन निकालाने पुन्हा अधोरेखित केले.

फेरतपासणीचा आदेश मिळाल्यावर कागदपत्रांना सर्वाधिक महत्त्व येते. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, सेवाकाळातील रुग्णालयीन नोंदी, कठीण प्रदेशातील नेमणुकांचा तपशील, दुखापतीच्या चौकशीचा अहवाल आणि निवृत्तीनंतरचे उपचारांचे कागद जमवावेत. जुन्या नोंदींसाठी आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागणी करावी. माहिती अधिकाराचाही आधार घेता येतो. नवी मुंबई महापालिका क्षेत्रातील रहिवाशांना ठाण्याचे, तर पनवेल, खारघर भागातील रहिवाशांना अलिबागचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करू शकते.

विलंबाची किंमत मात्र मोठी असते. उशिरा न्यायालयात आलेल्या तर्सेम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित ठेवली. म्हणूनच फेरतपासणीची तारीख चुकवू नये, मंडळासमोर दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी आणि नवा निर्णय लेखी स्वरूपात मागावा. तो प्रतिकूल असला, तरी कारणांसह असल्यास पुढील दाद मागणे सोपे जाते.