नेरेदित्सा टेकडीवरील चर्च

रशियाच्या वायव्य भागात इल्मेन नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. या सरोवरातून वोल्खोव्ह नदी उगम पावते आणि उगमापासून थोड्याच अंतरावर तिच्या दोन्ही तीरांवर नोव्हगोरोद हे प्राचीन नगर वसलेले आहे. १९९९ पासून त्याचे अधिकृत नाव वेलिकी नोव्हगोरोद, म्हणजे ‘थोर नोव्हगोरोद’, असे झाले. नगराच्या दक्षिणेस, वस्तीबाहेरच्या नेरेदित्सा नामक टेकडीवर एक लहानसे पांढरे ऑर्थोडॉक्स चर्च उभे आहे. ते बाराव्या शतकातील आहे, असे म्हणणे जितके खरे, तितकेच ते विसाव्या शतकातील आहे, असे म्हणणेही खरे ठरेल. या दोन विधानांचा मेळ कसा बसतो, हे समजण्यासाठी त्याचा इतिहास पाहावयास हवा.

नोव्हगोरोद हे व्यापारी नगर होते. इ. स. ११३६ मध्ये तेथील नागरिकांनी आपल्या राजाला पदच्युत केले. पुढे नगरसभा आपल्या पसंतीचा राजा बोलावून घेई आणि तो न मानवल्यास त्याला निरोपही देई. राजाचे निवासस्थान नगराबाहेर गोरोदिश्चे येथे असे. अशाच एका राजाने, यारोस्लाव्ह व्लादिमिरोविच याने, या निवासस्थानानजीक इ. स. ११९८ मध्ये हे चर्च बांधविले. त्याच वर्षी त्याचे दोन पुत्र मरण पावले होते. काम जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात पुरे झाले. पुढील वर्षी आतील भिंती चित्रांनी सजविण्यात आल्या. नोव्हगोरोदच्या राजांनी यापूर्वी उभारलेली चर्चे भव्य होती. हे मात्र एखाद्या मोहल्ल्यातील साध्या चर्चएवढेच आहे. राजाची सत्ता किती आकसली होती, याची साक्ष ही वास्तूच देते.

तिची रचना साधी आहे. जवळजवळ घनाकार अशा दालनात चार भक्कम खांब असून त्यांच्यावरील कमानींनी एकुलता एक घुमट तोलून धरला आहे. पूर्वेकडे वेदीच्या बाजूस भिंत तीन अर्धवर्तुळांत बाहेर आली आहे. त्यांपैकी मधले अर्धवर्तुळ उंच असून बाजूची दोन बरीच ठेंगणी आहेत. बाहेरील भिंती माथ्याशी कमानीसारख्या गोलाकार होतात आणि छपरही त्याच वळणाने जाते. पश्चिमेकडील भिंतीच्या जाडीतच एक अरुंद जिना असून तो वरच्या सज्जाकडे नेतो. बांधकामात स्थानिक चुनखडीचा ओबडधोबड दगड व पातळ विटा यांचे थर आळीपाळीने रचलेले असून त्यांना चुना व विटांची सुरखी यांच्या मिश्रणाने सांधलेले आहे. भिंतींच्या कडा किंचित वाकड्या आहेत. त्यामुळे ही वास्तू हाताने घडविलेल्या मातीच्या भांड्यासारखी भासते.

तिची खरी कीर्ती मात्र भित्तिचित्रांमुळे झाली. घुमटात येशूचे स्वर्गारोहण, वेदीमागे हात उंचावून प्रार्थना करणारी मेरी आणि पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायनिवाडा रंगविलेला होता. दक्षिणेकडील भिंतीवर नंतरच्या काळातील एक राजा हातात चर्चची प्रतिकृती घेऊन उभा होता. जमिनीपासून घुमटापर्यंत क्वचितच एखादी जागा रिकामी होती. मध्ययुगीन चित्रांचा इतका अखंड संच युरोपात फार थोड्या ठिकाणी उरला होता.

१९०३ व १९०४ मध्ये वास्तुविशारद प्योत्र पोक्रिश्किन यांच्या देखरेखीखाली या चर्चचा जीर्णोद्धार झाला. नंतरच्या काळात चढविलेले उतरते छप्पर काढून मूळचे गोलाकार छप्पर पुन्हा बसविण्यात आले. याच निमित्ताने पोक्रिश्किन यांनी वास्तूची बारकाईने मोजमापे घेतली आणि नकाशे काढले. चित्रांची छायाचित्रे व रंगीत प्रतिकृतीही तयार झाल्या. या कागदांचे मोल किती, हे त्या वेळी कोणाला कळले असेल असे वाटत नाही.

ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन सैन्याने नोव्हगोरोद घेतले. युद्धाची आघाडी नगराच्या वेशीशीच स्थिरावली आणि टेकडीवरचे हे चर्च तोफांच्या माऱ्यात सापडले. घुमट, छताच्या कमानी आणि भिंतींचा बराचसा वरचा भाग कोसळला. जानेवारी १९४४ मध्ये नगर मुक्त झाले, तेव्हा येथे भग्न भिंती आणि ढिगारा एवढेच शिल्लक होते. सुमारे पंधरा टक्के चित्रे वाचली होती.

१९५६ ते १९५८ या काळात ग्रिगोरी श्टेंदेर यांच्या मार्गदर्शनाखाली चर्चची पुनर्बांधणी झाली. उरलेल्या जुन्या भिंती न पाडता त्यांच्यावरच नवे बांधकाम चढविण्यात आले. कोणती कमान कोठून सुरू होते, जिना किती रुंद आहे, हे सारे पोक्रिश्किन यांच्या मोजणीवरून ठरविता आले. तर्काला फारसा वाव ठेवावा लागला नाही.

परंतु नकाशावरून भिंत उभारता येते, चित्र पुन्हा निर्माण करता येत नाही. छायाचित्रांच्या आधारे नवी चित्रे काढणे अशक्य नव्हते, पण ती बाराव्या शतकातील चित्रकाराची ठरली नसती. म्हणून वाचलेली चित्रे जपण्यात आली आणि उरलेल्या भिंती गिलावा देऊन कोऱ्याच ठेवण्यात आल्या. आज आत प्रवेश करणाऱ्याला खालच्या भागात संतांच्या काही गंभीर मुद्रा दिसतात. दृष्टी वर नेली की चित्रे संपतात आणि घुमटापर्यंत पांढरी भिंतच दिसते.

ढिगाऱ्यातून वेचलेले चित्रांचे तुकडे जुळविण्याचे कष्टाचे काम नोव्हगोरोदमध्ये पुढेही चालू राहिले. जवळच्याच वोलोतोवो येथील चौदाव्या शतकातील चर्चही याच युद्धात जमीनदोस्त झाले होते. ते २००३ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि तेथील चित्रांचे सुमारे सतरा लाख तुकडे गोळा करण्यात आले. १९९२ मध्ये युनेस्कोने नोव्हगोरोद व परिसरातील स्मारकांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत नेरेदित्साचे चर्चही आहे.

पुनर्बांधणी झालेल्या वास्तूला अस्सल म्हणावे की नाही, हा वाद जुना आहे. नेरेदित्सा येथे त्याचे उत्तर भिंतींवरच मिळते. जे मोजून ठेवले होते ते परत आले, आणि जे गेले त्याची जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली गेली.