थंडीपुरते गाव



दिवाळी सरली की देशावरचे धनगर मेंढरं हाकत घाट उतरतात आणि कोकणात जातात. पावसाच्या तोंडाला पुन्हा माघारी येतात. चाऱ्यासाठी ऋतू पाहून मुक्काम हलवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती माणसं चाऱ्यासाठी जात नाहीत, पोटासाठीही जात नाहीत. ती जातात उन्हासाठी. नोकरी संपलेली, मुलं आपापल्या संसाराला लागलेली, अशी ही म्हातारी जोडपी. कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून ती दरवर्षी थंडीत दक्षिणेकडे फ्लोरिडाच्या समुद्रकाठी येऊन राहतात. तिकडचे लोक त्यांना थट्टेने 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फातले पक्षी, असं म्हणतात.

आता कोणी विचारील, उन्हासाठी घर सोडायचं म्हणजे काय? आपण तर उन्हापासून पळतो! यासाठी थोडा भूगोल पाहावा लागेल. शिक्षकबंधूंनी वर्गात उत्तर अमेरिकेचा नकाशा टांगून हे जरूर दाखवावं. कॅनडातलं टोरांटो शहर सुमारे ४४ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या बावीस तारखेला तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून अवघा २३ अंश वर येतो. म्हणजे आपल्याकडे सकाळी शाळा भरताना असतो, साधारण तेवढाच. दिवस पुरता नऊ तासांचाही नसतो. जानेवारीत तपमान शून्याच्या खाली जातं, दाराशी बर्फ साचतं, पायवाटा काचेसारख्या निसरड्या होतात. तरुणाला त्याची गंमत वाटेल, पण सत्तरीतल्या माणसाचा पाय घसरून मांडीचं हाड मोडलं म्हणजे त्याचा पुढचा सारा जन्म खाटेवर जाण्याची भीती.

आता बोट खाली सरकवा. फ्लोरिडाचा पाम बीचचा किनारा साडेसव्वीस अक्षांशावर आहे. आपलं जोधपूर आणि लखनौ साधारण याच रेषेवर येतात. तिथे त्याच दिवशी दुपारचा सूर्य ४० अंशांवर असतो. शिवाय समुद्रातला उष्ण पाण्याचा मोठा प्रवाह, गल्फ स्ट्रीम, या किनाऱ्याला अगदी लगटून वाहतो. त्यामुळे ऐन जानेवारीत दिवसा २४-२५ अंशांची ऊब असते. थंडीचे महिने तिथे कोरडे. पाऊस आणि वादळं उन्हाळ्यात नि शरदात. म्हणजे उत्तरेत जेव्हा सगळ्यांत वाईट दिवस, तेव्हाच दक्षिणेत सगळ्यांत चांगले.

ही ये-जा सुरू कशी झाली? प्रथम आली रेल्वे. हेन्री फ्लॅग्लर या धनिकाने किनाऱ्याकिनाऱ्याने रूळ टाकले. गाडी १८९४ साली पाम बीचला पोचली आणि १८९६ साली मायामीला. तेव्हा येणारे सारे श्रीमंत, मोठमोठ्या हॉटेलांत उतरणारे. पुढे मोटारी स्वस्त झाल्या आणि साधी माणसं निघाली. मोटारीतच अंथरूण, मोटारीतच चूल. डब्यातलं बंद अन्न खायचं आणि माळावर तंबू ठोकायचा. १९१९ साली टँपा शहरात या लोकांनी आपला एक संघच काढला आणि त्याला नाव दिलं 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी! मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा एक डबा डाग देऊन बसवायचा, ही त्यांची खूण.

सेंट पीटर्सबर्ग नावाच्या शहराने तर उन्हाचाच व्यापार मांडला. तिथल्या 'इव्हनिंग इंडिपेंडंट' या वर्तमानपत्राने १९१० साली जाहीर केलं, की ज्या दिवशी ऊन पडणार नाही त्या दिवशी अंक फुकट. पत्र १९८६ साली बंद पडलं. या शहात्तर वर्षांत फुकट अंक वाटण्याची पाळी तीनशेच्या आतबाहेरच आली. शहराच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाची हजारो बाकं मांडलेली होती. त्यांवर म्हातारी माणसं उन्हं खात बसत. पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या बाकांवर काळ्या नागरिकांना बसू देत नसत. समुद्रकाठही त्यांना बहुतेक बंदच होता. १९६० नंतरच्या दशकात, मोठ्या झगड्यानंतर, ही बंदी कायद्याने उठली. ऊन देवाचं असलं तरी बाक माणसाचं असतं.

म्हाताऱ्यांना खरं बळ दिलं ते निवृत्तिवेतनाने. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि १९४० पासून दरमहा पैसे हाती पडू लागले. कॅनडात १९५२ पासून सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना सरकारी पेन्शन मिळू लागली. कारखान्यातला कामगार, शाळामास्तर, टपालवाला हेही आता विचार करू लागले, की चार महिने उन्हात काढायला काय हरकत आहे?

अशा माणसांचं गाव कसं असतं ते पाहू. पाम बीच परगण्यात 'ब्रायनी ब्रीझेस' नावाचं एक चिमुकलं गाव आहे. ब्रायनी ब्रीझेस म्हणजे खारे वारे. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून जाणारी सडक. क्षेत्र फक्त ४३ एकर. आपल्याकडच्या एखाद्या बागायतदाराचं शिवार एवढं असेल! पूर्वी इथे स्ट्रॉबेरीचा मळा होता. मळ्याच्या मालकाने १९३० नंतर थंडीच्या प्रवाशांना चाकांवरची घरं उभी करायला जागा दिली. चाकांवरचं घर म्हणजे काय, तर लोखंडी सांगाड्यावर बांधलेलं लांबट घर. मोटारीने ओढत आणायचं आणि टेकू देऊन उभं करायचं. दरवर्षी तीच माणसं येऊ लागली. ओळखी झाल्या, ओळखीतून मैत्री झाली. १९५८ साली या रहिवाशांनी एकत्र येऊन सगळी जमीनच विकत घेतली आणि १९६३ साली रीतसर गाव स्थापन झालं.

जमिनीची व्यवस्था आपल्याला सहज समजेल. सहकारी कारखान्याचे सभासद जसे भागधारक असतात, तसाच हा प्रकार. जमीन कंपनीच्या नावावर आणि प्रत्येक घरवाला त्या कंपनीचा भागधारक. एकंदर ४८८ जागा. २०२० च्या शिरगणतीत कायमची वस्ती जेमतेम पाचशे भरली. पण थंडी पडू लागली की कुलपं निघतात, पडदे वर जातात आणि गाव गजबजतं.

टोरांटोकडचं एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणा. निघण्याआधी घर 'झोपवावं' लागतं. नळाचं पाणी मुख्य चावीपाशी बंद करून नळ्या रिकाम्या करतात. कारण पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलं की लोखंडाची नळीसुद्धा फोडतं. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवायची, टपाल वळवायचं, औषधांची पिशवी भरायची. मग मोटारीने दोन हजार किलोमीटरहून अधिक रस्ता, दोन-तीन मुक्काम करत काटायचा. ज्या अमेरिकनांना एवढं हाकणं झेपत नाही त्यांच्यासाठी एक खास आगगाडी आहे. व्हर्जिनियातल्या लॉर्टनपासून फ्लोरिडातल्या सॅनफर्डपर्यंत ती माणसांना नेते आणि त्यांच्या मोटारीही मागच्या डब्यांतून नेते. १९७१ साली ही सोय प्रथम सुरू झाली.

गावात आल्यावर दिवस कसा जातो? सकाळी उन्हं वर यायच्या आत किनाऱ्यावरून पायी फेरी. वाटेत चौघं भेटतात. कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या नातवाची चौकशी. मग शफलबोर्ड, म्हणजे लांब काठीने चकत्या ढकलण्याचा खेळ. यात ताकद लागत नाही, नेम लागतो. म्हणून सत्तरीचा माणूस चाळिशीच्या माणसाला हरवू शकतो. दुपारी कुणी पत्ते खेळतं, कुणी गळ टाकून बसतं, कुणी विणकाम घेतं. संध्याकाळी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेलं अंगतपंगत जेवण. आणि सूर्य मावळताना खाडीकाठी खुर्च्या टाकून गप्पा.

हे सगळं ऐकून वाटेल, की चैनच आहे! पण त्यात एक खोल गोष्ट दडलेली आहे. म्हातारपणी माणसाला भाकरीइतकीच गरज असते ती कुणीतरी 'काय हो, आज दिसला नाहीत?' असं विचारण्याची. उत्तरेत कडाक्याच्या थंडीत दारं बंद असतात, आठ आठ दिवस शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. इथे घरं इतकी जवळ, की सकाळी एखाद्या खिडकीचा पडदा वर गेला नाही तर पलीकडची बाई दार ठोठावते. नवरा गेल्यावर एकटी उरलेली बाई पुढच्या हिवाळ्यात पुन्हा इथेच येते ती याचसाठी. ऊन हे निमित्त, सोबत हे कारण.

अर्थात यालाही बाजू आहेत. पहिली कायद्याची. कॅनडाच्या माणसाला अमेरिकेत साधारणपणे वर्षाकाठी १८२ दिवसांपर्यंतच राहता येतं. अधिक राहिलं तर कराचा आणि परवान्याचा घोळ. ऑंटारिओ प्रांताचा नागरिक बारा महिन्यांत २१२ दिवसांहून अधिक बाहेर राहिला तर त्याची सरकारी आरोग्यसेवा धोक्यात येते. म्हणून ही मंडळी दिनदर्शिकेवर दिवस मोजत असतात. अमेरिकेतला दवाखाना फार महाग, आणि घरचं सरकार त्यातलं फार थोडं देतं. तेव्हा खासगी विमा हवाच, आणि वय वाढेल तसा त्याचा हप्ता वाढतो. २०२५ साली दोन्ही देशांत जकातीवरून तेढ आली. तीस दिवसांहून अधिक राहणाऱ्यांसाठी नोंदणीचा नियमही त्याच वर्षी कडक झाला. तेव्हा अनेक कॅनेडियनांनी वर्षानुवर्षांची फेरी रद्द केली. मोठ्या घरांचं भांडण झालं, की अंगणातली पोरं आणि म्हातारी माणसं आधी तुटतात.

दुसरी बाजू निसर्गाची. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. २८ सप्टेंबर २०२२ रोजी 'इअन' नावाचं वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळलं. फोर्ट मायर्स बीच या गावात समुद्राचं पाणी घराघरांत शिरलं. चाकांवरच्या वस्त्या तर पत्त्यांच्या बंगल्यासारख्या मोडल्या. थंडीची मंडळी तेव्हा उत्तरेत होती म्हणून जीव वाचले, पण त्यांतल्या अनेकांना परतायला घरच उरलं नाही. शिवाय समुद्राची पातळी हळूहळू चढते आहे. ब्रायनी ब्रीझेसच्या सखल भागात मोठ्या उधाणाला खाडीचं पाणी गल्लीत येतं. गावाने आता खाडीकडची भिंत उंच करायची योजना हाती घेतली आहे. पण पाचशे माणसांच्या गावाला तो खर्च डोंगराएवढा.

आणि या गावावर एकदा मोठी परीक्षेची वेळ आली, ती पाण्याने नव्हे, पैशाने आणली. समुद्रकाठची ती ४३ एकर जमीन सोन्याची झाली होती. एका बांधकाम कंपनीने सगळं गाव विकत मागितलं. किंमत ५१ कोटी डॉलर! ४८८ जागांवर वाटणी केली, तर सरासरीने दर जागेला दहा लाख डॉलरहून अधिक. पत्र्याच्या घरात राहणारा पेन्शनर एका रात्रीत लक्षाधीश होणार होता. गावात दोन तट पडले. विकू म्हणणाऱ्यांना आजारपणाची, मुलाबाळांची, पुढच्या वादळाची काळजी होती. त्यांना हावरे म्हणणं अन्यायाचं होईल. नको म्हणणाऱ्यांचा प्रश्न साधा होता: पैसे घेऊन जायचं कुठे? घर दुसरं मिळेल, पण समोरच्या ओट्यावर बसणारा तीस वर्षांचा सोबती कुठून विकत आणायचा? जानेवारी २००७ मध्ये मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने विक्रीच्या बाजूने कौल पडला. पण त्याच वर्षी हा व्यवहार मोडला. पैसा आला नाही, गाव राहिलं. एकमेकांविरुद्ध मत दिलेली माणसं पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एकाच मैदानावर चकत्या ढकलू लागली.

श्रोतेहो, यातून आपण काय घ्यावं? आपल्याकडचे कित्येक आईबाप आता मुलांकडे अमेरिकेला जातात. ते जातात उन्हाळ्यात आणि थंडी पडायच्या आत परततात. परत येऊन सांगतात, की घर मोठं होतं, नातवंडं गोड होती, पण दिवसभर बोलायला कोणी नव्हतं. ही तक्रार नि त्या कॅनडाच्या जोडप्याची वारी, दोन्हींच्या मुळाशी एकच भूक आहे. आपल्या गावात देवळाचा पार आहे, चावडीचा कट्टा आहे, वाचनालयाची ओसरी आहे. तिथे ऊन तर फुकटच आहे. प्रश्न एवढाच, की त्या पारावर आज कोण बसतं, आणि एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत तर त्यांचं दार कोण ठोठावतं? ही चौकशी आपल्याला करता आली, तर म्हातारपण काढायला कुणाला सातासमुद्रापलीकडचं ऊन शोधावं लागणार नाही.